सेलच्या आधीचा भाव लिहून ठेवा : नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक
तथा अध्यक्ष, जिल्हा ग्राहक संरक्षण परिषद

विषय : ऑनलाइन खरेदीतले फसवे भाव, अडवलेले रिटर्न आणि रखडलेले रिफंड यांची कलम १६ खाली चौकशी करण्याबाबत

महोदय,

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ चे कलम १६ जिल्हाधिकाऱ्यांना एक मोठा अधिकार देते. ग्राहकांच्या एखाद्या समूहाचे हक्क डावलले जात असतील, अनुचित व्यापारी प्रथा चालू असेल किंवा जाहिरात दिशाभूल करणारी असेल, तर जिल्हाधिकारी आपल्या हद्दीत चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे अहवाल पाठवू शकतात. अशी तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते, हे कलम १७ सांगते. हे पत्र तशीच तक्रार समजून दाखल करून घ्यावे, ही पहिली विनंती. ते खुले ठेवले आहे, कारण यातल्या खाचाखोचा सिडकोपासून सुरगाण्यापर्यंत ज्यांच्या दारात पार्सल येते त्या प्रत्येकाला कळायला हव्यात.

एकेकट्या ग्राहकाला कायद्याने कमी दिलेले नाही. जिल्हा ग्राहक आयोगात मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील सक्तीचा नाही. कंपनी बंगळुरूची असो की गुरुग्रामची, तक्रार ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकलाच दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे आणि सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सने मागता येते. तरीही ८०० रुपयांच्या चपलेसाठी अंबडच्या कारखान्यातला कामगार दोन खाडे करणार नाही, आणि त्याने करावेत अशी अपेक्षा धरणेही चूक आहे. आठशे, बाराशे, अडीच हजार अशा रकमा घरोघरी सोडून दिल्या जातात. सोडून दिलेल्या पैशांची नोंद कुठेच होत नाही, म्हणून प्रश्नाचा आकार कुणाला दिसत नाही. तो दाखवू शकेल अशी यंत्रणा जिल्ह्यात फक्त आपल्याकडे आहे.

आधी भावाचे बोलू.

आज घेतलेली वस्तू चार दिवसांनी स्वस्त झाली, म्हणून फरक परत मागण्याचा हक्क आपल्या कायद्यात नाही. विक्रेत्याने स्वतःहून तशी हमी दिली असेल तरच तो मिळतो, आणि त्या हमीचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढलेला हवा. हे स्पष्ट सांगणे भाग आहे, कारण पुष्कळ लोक भाव उतरल्याची तक्रार घेऊन येतात आणि ती तिथेच संपते. पण भाव उतरणे वेगळे आणि उतरला असे भासवणे वेगळे. अधिनियमाच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. एखादी वस्तू सामान्यतः कोणत्या किमतीला विकली जाते याबद्दल लोकांची दिशाभूल करणे, हे त्या यादीत आहे. म्हणजे खोट्या सवलतीला कायद्यात नाव आहे. नाही तो पुरावा. वस्तूची नेहमीची किंमत काय होती, हे सेल सुरू झाल्यावर कुणालाच दाखवता येत नाही.

पडद्यावरची सूट बहुतेक वेळा एमआरपीपासून मोजलेली असते. एमआरपी ही सर्व करांसकट कमाल किंमत. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, इतकाच तिचा अर्थ. त्या किमतीला कुणी वस्तू विकतो असा नव्हे. समजा एखाद्या मिक्सरच्या भांड्यावर १,९९९ रुपये एमआरपी आहे आणि ते एरवी ७५० ला मिळते. सेलमध्ये ६९९ झाले की पडद्यावर ‘६५ टक्के सूट’ दिसते. ग्राहकाचे खरे ५१ रुपये वाचले, म्हणजे सात टक्क्यांहूनही कमी. आकडे दोन्ही खरे आहेत, पण कामाचा आकडा दाखवलेलाच नाही. युरोपीय संघात यावर उपाय झाला आहे. तिथे २८ मे २०२२ पासून सूट जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत ‘आधीची किंमत’ म्हणून दाखवावी लागते. आपल्याकडे असा नियम नाही. तो यावा, अशी शिफारस जिल्हा परिषदेच्या ठरावाने राज्य परिषदेकडे जाऊ शकते (इथे जिल्हा परिषद म्हणजे आपल्या अध्यक्षतेखालची ग्राहक संरक्षण परिषद, तिच्या वर्षातून किमान दोन बैठका अधिनियमानेच ठरवून दिल्या आहेत).

पण नियम येईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. मोठे सेल घटस्थापनेच्या आसपास लागतात. गणेश चतुर्थीपासून घटस्थापनेपर्यंत साधारण २६-२७ दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांत वीस वस्तूंचे भाव रोज टिपून ठेवणे, हे जिल्हा पुरवठा कार्यालयातल्या एका माणसाचे रोजचे अर्ध्या तासाचे काम आहे. ते कसे करायचे हे महत्त्वाचे, कारण नोंद ढिली झाली की कंपनीचा पहिला खुलासा तिला खोडून काढतो.

वस्तू अगदी नेमकी धरावी. मोबाइल असेल तर रंग आणि मेमरीसकट, टीव्ही-फ्रिज असेल तर मॉडेल क्रमांकाच्या शेवटच्या अक्षरापर्यंत. एका अक्षराच्या फरकाने पॅनेल किंवा हमी बदलते, आणि काही मॉडेल फक्त ऑनलाइन विक्रीसाठीच काढलेली असतात. सेलरचे नाव रोज लिहावे. वस्तूचे पान तेच राहते, पण त्यामागचा विक्रेता बदलतो, आणि मग ‘भाव आम्ही वाढवला नाही, विक्रेता वेगळा होता’ असे उत्तर येते. पिनकोड ठरलेला ठेवावा. सिडकोचा ४२२००९ आणि आदिवासी तालुक्यातला एक, असे दोन घेतले तर पोहोचवण्याचे शुल्क आणि मुदत यांतला फरकही टिपला जाईल. खात्यात लॉगिन न करता भाव पाहावा, नाहीतर त्या खात्याची कूपने मिसळतात. बँकेची सूट, जुन्या फोनच्या बदल्यातली सूट आणि मूळ विक्री किंमत असे तीन रकाने वेगळे असावेत. स्क्रीनशॉटमध्ये पानाचा पत्ता, तारीख आणि वेळ दिसलीच पाहिजे. सेलच्या पहिल्या दिवशी तोच तक्ता पुढे चालवला की कुणाची सूट खरी आणि कुणाची कागदावरची, ते कुणी न सांगता कळेल. ज्यांची खरी असेल त्यांनाही या नोंदीचा फायदाच आहे.

भावाबद्दल आणखी एक गैरसमज इथेच दूर करू. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांहून मोठे टीव्ही यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. दहा टक्के कर कमी म्हणजे वस्तू दहा टक्के स्वस्त, असे गणित अनेकांनी केले. ते तसे नाही. करापूर्वीची किंमत ३०,००० असेल तर २८ टक्क्यांनी ३८,४०० होतात आणि १८ टक्क्यांनी ३५,४००. फरक ३,००० रुपयांचा, म्हणजे जुन्या किमतीच्या ७.८ टक्के. विक्रेत्याने करकपात पुढे दिली की नाही हे तपासायचे तर जुन्या आणि नव्या बिलावरचा करापूर्वीचा आकडा शेजारी ठेवावा. तो वाढलेला दिसला तर विचारणा करायला जागा आहे. नुसत्या एकूण किमतीवरून भांडू नये.

ऑर्डर दिल्यावर भाव उतरला तर काय करावे, हा रोजचा प्रश्न. पार्सल निघालेले नसेल तर सरळ उपाय आहे: आधी नव्या भावाने दुसरी ऑर्डर पक्की करावी आणि मगच पहिली रद्द करावी. उलटे केले तर मधल्या मिनिटांत माल संपण्याचा धोका असतो. इथे तीन गोष्टी आडव्या येतात. बँकेची सूट एका कार्डावर एकदाच असेल तर ती पहिल्या ऑर्डरमध्ये वापरली गेली असे धरले जाते आणि रद्द केल्यावर परत येईलच असे नाही. पहिल्या ऑर्डरचे पैसे परत यायला काही दिवस लागतात, तेवढा काळ दुप्पट रक्कम अडकते. आणि जुना फोन बदली दिला असेल तर त्याचे मूल्य नव्या ऑर्डरमध्ये वेगळे येऊ शकते. हे तिन्ही धरून फरक ३०० रुपयांच्या आत असेल तर खटाटोप करू नये, असे आमचे मत आहे. रद्द करण्याचे शुल्क मागितले तर याच अधिनियमाखालच्या ई-कॉमर्स नियम २०२० मधला नियम ४(८) दाखवावा. कंपनी स्वतः ऑर्डर रद्द करते तेव्हा ग्राहकाला तसेच शुल्क देत नसेल, तर ग्राहकाकडूनही ते घेता येत नाही.

पार्सल निघाले असेल तर दारात नाकारता येते, फक्त ओटीपी सांगायचा नाही. वस्तू हातात आल्यावर मात्र सगळे रिटर्नच्या अटींवर अवलंबून. कपड्यांना ‘आवडले नाही’ हे कारण बहुधा चालते. मोबाइल आणि उपकरणांना बहुतेक वेळा फक्त बदलून देण्याची सोय असते, तीही दोष निघाला तर. भाव उतरला म्हणून चांगली वस्तू सदोष सांगून परत करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तसे करू नये. ते खोटे आहे, तपासणीला येणारा तंत्रज्ञ तसे लिहून जातो, आणि नंतर खराच दोष निघाला तर त्या खात्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

आता रिटर्न. आपल्या हस्तक्षेपाची खरी गरज इथे आहे.

‘नॉन-रिटर्नेबल’ असा शिक्का पाहिला की लोक गप्प बसतात. ई-कॉमर्स नियमांतल्या नियम ६(३) मध्ये मात्र स्पष्ट लिहिले आहे: वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल, किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोहोचली असेल, तर विक्रेत्याला ती परत घेणे किंवा पैसे परत देणे नाकारता येत नाही. उशिराला पूर किंवा संचारबंदीसारखे आवाक्याबाहेरचे कारण असेल तेवढा अपवाद. मन बदलल्यावर परत घ्यायची की नाही, ही कंपनीची मर्जी. सदोष वस्तू परत घेणे ही मर्जी नाही. मेन रोडवरच्या दुकानांत ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी असते, सदोष मालापुढे तीही टिकत नाही. बिलावर मुदत छापलेली नसेल तर अधिनियम ३० दिवस धरतो.

सर्वांत जास्त त्रास पिकअपचा, म्हणजे परत द्यायची वस्तू घरून नेण्याचा. ठरल्या दिवशी कुणी येत नाही आणि संध्याकाळी मेसेज येतो, ‘ग्राहक उपलब्ध नव्हते’. असे तीनदा झाले की विनंती आपोआप रद्द होते आणि तोवर रिटर्नची मुदत उलटलेली असते. पार्सल उचलणाऱ्या मुलांना यात दोषी धरून काही साधत नाही. एका फेरीत जितके पत्ते बसत नाहीत तितके त्यांच्यावर लादले जातात, आणि न जमलेल्या पत्त्याला लावायला ॲपमध्ये तीन-चारच कारणे असतात, त्यांतले हे सर्वांत सोपे. नाशिक रोड, देवळाली, पंचवटी असे लांबवर पसरलेल्या शहरात हे होते, तर पेठ-सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यांत काय होत असेल! प्रत्येक डिलिव्हरी केंद्राकडे पिकअपच्या प्रयत्नाची वेळ, त्या वेळचे ठिकाण आणि केलेल्या फोनची नोंद संगणकात असते. प्राथमिक चौकशीनंतरच्या तपासात अशी कागदपत्रे मागवण्याचा अधिकार कलम २२ ने देताना जिल्हाधिकाऱ्यांचे नाव स्पष्ट घेतले आहे. जिल्ह्यातल्या केंद्रांच्या एका महिन्याच्या ‘ग्राहक उपलब्ध नव्हते’ नोंदी आणि त्याच दिवसांचे फोन एकमेकांशी ताडून पाहावेत. ज्या नोंदीआधी एकही फोन झाला नाही ती नोंद कशी केली गेली, याचे उत्तर कंपनीला द्यावे लागेल.

ग्राहकाने तोवर इतके करावे. पिकअपच्या दिवसाचा फोनचा कॉल-लॉग आणि ‘उपलब्ध नव्हते’ हा मेसेज, दोन्हींचा स्क्रीनशॉट त्याच रात्री काढावा. लगेच ॲपमधून पुढची तारीख घ्यावी आणि तक्रारीचा तिकीट क्रमांक लिहून ठेवावा. हा क्रमांक देणे कंपनीला नियम ५ ने बंधनकारक आहे. वस्तू देताना आयएमईआय (मोबाइलचा ओळख क्रमांक) किंवा सिरियल क्रमांक दिसेल असा फोटो, खोक्याचा फोटो, आणि ‘पिकअप झाले’ हा मेसेज आल्याशिवाय माणसाला जाऊ देऊ नये. पिकअपलाही ओटीपी असेल तर तो म्हणजे वस्तू दिल्याची सही. सामान त्याच्या हातात गेल्यावरच सांगावा.

घेतानाचा ओटीपीही तसाच. तो सांगितला म्हणजे पार्सल मिळाले. ‘ओपन बॉक्स’ पद्धतीत तर पार्सल उघडून पाहिले आणि ठीक आहे, असे मान्य केल्यासारखे होते. म्हणून आधी उघडावे, पाहावे, मग आकडे सांगावेत. पार्सल आणणारा मुलगा घाई करतो, त्याला पुढे जायचे असते, तरी. खोके उघडतानाच्या व्हिडिओबद्दल बराच गोंधळ आहे. कायद्यात तो कुठेही सक्तीचा नाही, आणि व्हिडिओ नाही म्हणून तक्रार फेटाळणे चूक आहे. पण असला तर वाद दोन मिनिटांत मिटतो. लेबलपासून सुरुवात, खोक्याच्या सहाही बाजू, चिकटपट्टीचा जवळून फोटो, मग न थांबवता उघडणे. लेबलवर वजन असते, ते घरच्या काट्यावर ताडून पाहता येते. मात्र हलक्या आणि मोठ्या खोक्यावर लिहिलेले वजन कधी कधी आकारमानावरून काढलेले असते (लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागायचे), त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावर दावा उभा करू नये.

मोठ्या उपकरणांचा प्रश्न वेगळा आहे, आणि ग्रामीण भागाला तो जास्त जाचतो. टीव्ही किंवा वॉशिंग मशिन घरी येते, पण खोके कंपनीच्या तंत्रज्ञानेच उघडायचे असते. बदलीची मुदत मात्र मोजली जाते माल पोहोचल्यापासून. मुदत सात दिवसांची आणि तंत्रज्ञ आठव्या दिवशी आला, तर दोष सापडेपर्यंत हक्क गेलेला असतो. मग ‘सर्व्हिस सेंटरला दाखवा’ म्हणतात, म्हणजे नव्या वस्तूची दुरुस्ती. ही मुदत बसवणीच्या तारखेपासून मोजली जावी, अशी शिफारस परिषदेने करावी. हे आमच्या मते या पत्रातले सर्वांत सोपे आणि सर्वांत निकडीचे मागणे आहे. तोपर्यंत ग्राहकाने माल आल्या दिवशीच बसवणीची विनंती नोंदवावी आणि पाचव्या दिवसापर्यंत कुणी आले नाही तर ‘तपासणी न झाल्याने मुदत वाढवून द्या’ असा लेखी मेल पाठवावा. पॅनेल फुटलेले असेल तर ते दारातच पाहायला हवे. नंतर ‘बसवताना फुटले’ याला उत्तर देता येत नाही.

आपल्या जिल्ह्यात येवला आहे, म्हणून पैठणीबद्दल वेगळे लिहितो. पैठणीला भौगोलिक मानांकन आहे. तरी ‘हातमागाची, शुद्ध रेशमी’ अशा वर्णनाखाली यंत्रमागाची कृत्रिम धाग्याची साडी येते, आणि परत पाठवताना नाकारली जाते. आली की पहिल्यांदा पदर आणि काठ उलटे करून पाहावेत. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे सुटे किंवा कापलेले धागे लोंबत असतील तर विणकाम वेगळे आहे. हँडलूम मार्क (हातमागाची खूण), सिल्क मार्क (शुद्ध रेशमाची खूण) यांची चिठ्ठी आहे का ते पाहावे. धागा जाळून पाहण्याची रीत सर्वांना माहीत आहे, रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि कृत्रिम धाग्याची वितळून गोळी होते. पण रिटर्नची विनंती टाकण्याआधी धागा ओढू नये, कारण ‘साडीला हात लावला’ हे निमित्त मिळते. फॉल-पिको आणि गोंडे सात दिवस थांबू शकतात. विक्रीच्या पानावरच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट हाच इथे मुख्य पुरावा, कारण तक्रारीनंतर वर्णन बदलते. या एका वस्तूपुरती तपासणी आपण येवल्याच्या विणकरांना सोबत घेऊन केली, तर ग्राहक आणि विणकर दोघांचे काम होईल.

वस्तू परत गेली की रिफंडची वाट पाहणे सुरू होते. पैसे कुठे यावेत याबद्दल रिझर्व्ह बँकेचे पेमेंट ॲग्रिगेटरसाठी (विक्रेत्यांच्या वतीने ऑनलाइन पैसे घेणाऱ्या कंपन्यांसाठी) मार्च २०२० पासूनचे निर्देश आहेत: ज्या मार्गाने पैसे भरले त्याच मार्गाने परत, ग्राहकाने स्वतः दुसरा मार्ग मान्य केला असेल तरच वेगळे. रिटर्नच्या पानावर ‘वॉलेटमध्ये लगेच’ हा पर्याय आधीच निवडलेला दिसला तर तो बदलावा, आणि चित्र जपून ठेवावे. आधीच खूण केलेली संमती ही संमती नव्हे, हे खरेदीच्या बाबतीत ई-कॉमर्स नियमांतला नियम ४(९) सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने ओला या टॅक्सी ॲपला आदेश दिला, की परतावा बँक खात्यात हवा की कूपनमध्ये, याची निवड ग्राहकाला द्यावी. पाठपुरावा झाला की प्राधिकरण आदेश काढते, याचे हे उदाहरण.

‘रिफंड दिला आहे, बँकेला विचारा’ या उत्तराने लोक महिनोन् महिने फिरतात. त्यावर एकच प्रश्न विचारावा: संदर्भ क्रमांक द्या. कार्डाच्या परताव्याला २३ अंकी एआरएन असतो, यूपीआयला १२ अंकी आरआरएन. हा क्रमांक मिळाला तर बँक शोध घेऊ शकते. कंपनी तो देऊच शकत नसेल तर पैसे बहुधा निघालेलेच नाहीत. सोबत विक्रेत्याची क्रेडिट नोट मागावी. ती निघाली म्हणजे विक्रेत्याने माल परत आल्याचे मान्य केले. ईएमआयवर घेतले असेल तर पैसे कार्डावर जमा झाले तरी हप्ते आपोआप थांबतीलच असे नाही. त्याच दिवशी बँकेला कळवून ईएमआय रद्द करून घ्यावा, आणि प्रक्रिया शुल्क व व्याजावरचा जीएसटी परत येईल का हे लेखी विचारावे.

रिफंड कमी का आला, हेही नीट पाहावे. ७,००० आणि ३,००० च्या दोन वस्तू घेतल्या, ८,००० च्या वर दहा टक्के बँक सूट होती, ९,००० भरले. ३,००० ची वस्तू परत केली. सूट वाटून धरली तर २,७०० मिळतात. पण ‘आता खरेदी ८,००० च्या खाली आली’ म्हणून पूर्ण सूट काढून घेतली, तर हातात २,००० च येतात. कोणती पद्धत लागू आहे हे पैसे भरण्याआधी दिसले पाहिजे. ते नंतर उगवत असेल, किंवा प्लॅटफॉर्म फी आणि हाताळणी फी शेवटच्या पानावर जोडली जात असेल, तर ते ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवणारी पडद्यावरची रचना) मार्गदर्शक तत्त्वांत येते. त्यात १३ प्रकार सांगितले आहेत, किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणे हा त्यांतला एक आणि ‘फक्त दोन नग शिल्लक’ अशी खोटी घाई हा दुसरा.

रिफंड अडला की लोक कस्टमर केअरचा नंबर शोध-पानावर धुंडाळतात, आणि तिथे ठग बसलेले असतात. नंबर फक्त कंपनीच्या ॲपमधलाच घ्यावा. पैसे येण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. कुणी स्क्रीन दाखवणारे ॲप टाकायला सांगितले तर फोन ठेवावा. फसवणूक झालीच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन आणि बँकेला कळवणे. अनधिकृत व्यवहार तीन कामकाजी दिवसांत कळवला आणि चूक ग्राहकाची नसेल तर त्याच्यावर भार येत नाही. स्वतःच पिन सांगितला असेल तर हे संरक्षण अपुरे पडते.

तक्रारीची पायरीही ठरलेली आहे, ती चुकली की महिने वाया जातात. चॅटवरचा प्रतिनिधी म्हणजे तक्रार निवारण अधिकारी नव्हे. त्या अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर असणे बंधनकारक आहे. त्याला ऑर्डर क्रमांक, तारखा आणि काय हवे ते एका मेलमध्ये लिहावे. ४८ तासांत पोच आणि एक महिन्यात निवारण, ही मुदत कंपनीवर नियम ४(५) ने घातलेली आहे. मेलमध्ये विक्रेता आणि प्लॅटफॉर्म दोघांनाही धरावे. विक्रेत्याचे नाव आणि जीएसटी क्रमांक बिलावर असतो. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, सकाळी ८ ते रात्री ८, मराठीतही बोलता येते. तिथेही जमले नाही तर ई-जागृती या ऑनलाइन तक्रारीच्या पोर्टलवरून जिल्हा आयोग.

ही पायरी चढायला ज्यांच्याकडे मेल नाही, त्यांचे काय? तालुक्याच्या ठिकाणी तहसील कार्यालयात आणि सेवा केंद्रांत एक पानाचा मराठी नमुना ठेवावा: ऑर्डर क्रमांक, सेलर, रक्कम, पिकअपच्या तारखा, रिफंडचा संदर्भ क्रमांक. नमुने दर महिन्याला आपल्याकडे यावेत. कंपनी, प्रकार आणि पिनकोड यांनुसार ते लावले की एकेकाचे आठशे रुपये मिळून समूहाची तक्रार उभी राहते, आणि कलम १६ ला तीच हवी आहे.

भाव टिपण्याच्या तक्त्याचा आणि तक्रारीच्या नमुन्याचा कच्चा मसुदा पत्रासोबत जोडला आहे. वीस वस्तूंची यादी परिषदेने ठरवावी. पहिली नोंद गणेश चतुर्थीच्या सकाळी झाली पाहिजे.

आपले,
नाशिक जिल्ह्यातील ग्राहक कार्यकर्ते

सोबत : तक्ता १, नमुना १